झायलीनपुढे टिकते ती पेन्सिल

त्यांच्या उजव्या कानावर गेली एकतीस वर्षं शिसपेन्सिल आहे. मधल्या काळात केस पिकले, चष्मा लागला आणि चष्म्याची काडीही त्याच कानावर येऊन दाटीवाटी करू लागली, पण पेन्सिलीने जागा सोडली नाही. इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना पेन्सिलकाका म्हणतात. पगाराच्या कागदावरचं त्यांचं खरं नाव वाचून एका नव्या नर्सने "हे कोण गृहस्थ?" असं एकदा त्यांनाच विचारलं होतं.

त्यांचं काम सांगायला सोपं आहे. कुणाच्या अंगात गाठ निघाली की वरचे डॉक्टर तिथे सुई घालून दोऱ्याएवढा तुकडा काढतात आणि मांस टिकवणाऱ्या फॉर्मालिनच्या बाटलीत घालून खाली पाठवतात. काकांनी तो मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा, काचपट्टीवर चढवायचा, रंगवायचा आणि मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टर. गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे त्या सांगतात. पण ओल्या तुकड्यात मेण काही शिरत नाही. म्हणून आधी अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, मग झायलीनने अल्कोहोल काढायचं, आणि मग झायलीनच्या जागी मेण जाऊन बसतं. हे सगळं एक यंत्र रात्रभरात करतं. काडेपेटीएवढ्या जाळीदार प्लास्टिकच्या डब्यांत तुकडे घालून, डब्या यंत्राच्या टोपलीत ठेवून झाकण लावलं, की सकाळी तयार.

झायलीनशी काकांचा संसार बायकोपेक्षा एका वर्षाने जुना. दिसायला ते पाण्यासारखं, पण पाण्याचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तुकड्यात चार थेंब पाणी राहिलेलं असलं, तर झायलीन दुधासारखं गढूळ होऊन चुगली करतं. वास गोडसर, रंगाच्या दुकानात येतो तसला. रंग पातळ करायला, रबर विरघळवायला, छापखान्यात, चामड्याच्या कारखान्यात, सगळीकडे ते लागतं. काकांना मात्र त्याचा एकच गुण कौतुकाचा वाटे. मांसाचा पांढुरका तुकडा त्यात पडला की हळूहळू आरपार दिसायला लागतो. एकतीस वर्षांत हे त्यांनी हजारो वेळा पाहिलं असेल, तरी मान वाकडी करून पाहायचं काही सोडलं नाही.

कौतुक वेगळं आणि विश्वास वेगळा. झायलीनवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत जाते आणि कोपऱ्यातल्या शेगडीला गाठते, म्हणून त्या खोलीत शेगडी नाही, काडी नाही, चहासुद्धा बाहेर. वाफ ओढून घेणारा पंखा लावल्याशिवाय बाटलीचं बूच काढायचं नाही. साधे रबरी हातमोजे त्यात फुगून लोंबतात, ते घालायचे नाहीत. उरलेलं झायलीन मोरीत ओतायचं नाही, पत्र्याच्या डब्यात साठवायचं. डोकं दुखायला लागलं, भोवंडल्यासारखं झालं, की आधी बाहेर मोकळ्या हवेत जायचं आणि मग कारण शोधायचं. "वास येत नाही म्हणजे वाफ नाही, असं समजू नका," ते सगळ्यांना बजावत. "नाक चार दिवसांत सरावतं. फुप्फुस सरावत नाही." घरी बायको त्यांचा शर्ट इतर कपड्यांत मिसळू देत नसे. "लग्नाला आले तेव्हाही यांना हाच वास होता," ती पाहुण्यांना सांगे, "मला वाटलं, घराला रंग दिलाय."

आणि सगळ्यांत मोठा दंडक नाव लिहिण्याचा. झायलीनपुढे पेनाची शाई टिकत नाही. बॉलपेन असो, जाड मार्कर असो, पाण्यात वर्षभर न पुसणारी शाई असो, झायलीन तिला रात्रीत धुऊन काढतं. शिसपेन्सिलीचं मात्र ते काही वाकडं करू शकत नाही. म्हणून डबीवरचा नंबर पेन्सिलीनेच. काकांना काम शिकवणारे म्हातारे तंत्रज्ञ फार बोलत नसत. जे काही बोलले, त्यात दोन गोष्टी होत्या. पेन्सिलीशिवाय लिहू नकोस, आणि कोरी डबी सापडली तर तिच्यावर नंबर घालू नकोस. पहिली गोष्ट काकांच्या अंगात भिनली. दुसरीची कधी गरजच पडली नाही, कारण एकतीस वर्षांत कोरी डबी सापडलीच नव्हती.

या पेन्सिलींनीच त्यांना विहीण मिळवून दिली. इस्पितळाच्या मागच्या रस्त्यावर वह्या-पेन्सिलींचं एक दुकान आहे. काका तिथून डझनाने पेन्सिली नेत. दुकानाची मालकीण नवऱ्यामागे एकटीने दुकान चालवणारी, जिभेची तिखट आणि मनाची मऊ. "तुम्ही पेन्सिली खाता का हो?" तिने एकदा विचारलं. मग ओळख झाली, मग मुलगा पेन्सिली आणायला जाऊ लागला, आणि मुलाला पेन्सिलींची एवढी गरज का लागते हे कळायला काकांना वर्ष लागलं. दुकानवालीची लेक आता काकांची सून आहे. सहावा महिना चाललाय तिला. दुकानवाली विहीणबाई झाली, तरी चेष्टा तीच. या वर्षी तिने काकांना एक पेन भेट दिलं. "कंपनीचा माणूस शपथेवर सांगून गेलाय, पाण्यात बुडवा, तेलात बुडवा, पुसणार नाही. सोडा आता ते लाकूड." काकांनी झायलीन काय चीज आहे ते समजावून सांगितलं, पण पेन खिशाला लावलं. रजिस्टर लिहायला बरं होतं.

तर त्या सोमवारी दुपारी विहीणबाई प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या. दुकान सोडून त्या कधी येत नसत. काका हात पुसत बाहेर आले.

"व्याहीबुवा, वरून सुई टोचून घेऊन आलेय," त्या म्हणाल्या. "छातीत गाठ लागलीय हाताला. माझी बाटली तुमच्याकडे येईल. म्हटलं, बाटलीच्या आधी माणसाने यावं."

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"ते वर विचारून झालंय. तुम्ही एवढंच करा, कुणाला सांगू नका. लेकीला तर नाहीच. तिचे हे दिवस आहेत. तुमच्या घरातही नको, तुमच्या बायकोच्या तोंडात तीळ भिजत नाही."

आणि पदर सावरून त्या निघून गेल्या. काका तिथेच उभे राहिले.

बाटली चार वाजता आली. दिवसातली तेरावी. मॅडमची पद्धत अशी, की बाटलीतले तुकडे त्या स्वतः डबीत काढत, मोजत आणि मोठ्याने सांगत. काका रजिस्टरात पेनाने नोंद करत आणि डबीवर पेन्सिलीने नंबर घालत. बाटलीवर विहीणबाईंचं नाव होतं. मॅडमना हे नातं ठाऊक नव्हतं.

"तेरा. तीन दोरे," मॅडम म्हणाल्या.

काकांनी पेन्सिल टेकवली, आणि टोक मोडलं. हात इतका जोरात दाबला गेला होता. दुसऱ्या पेन्सिली पलीकडच्या खणात. मॅडमना मीटिंगला जायचं होतं, त्या चौदावी बाटली उघडून बसल्या होत्या. काकांनी खिशातलं पेन काढलं. मागाहून पेन्सिलीने गिरवून टाकू, असं मनाशी म्हणत त्यांनी तेरा लिहिलं.

"चौदा. तीही छातीची गाठ. दोन दोरे."

त्यांनी चौदाही लिहिलं. इतक्यात फोन वाजला. विहीणबाईच होत्या. बाटली पोचली का, एवढंच विचारायचं होतं. "पोचली," काका म्हणाले, "मीच लिहिलंय सगळं." फोन ठेवला, टोपली यंत्रात सोडली, झाकण लावलं, पंखा तपासला आणि घरी गेले. गिरवायचं राहून गेलं.

घरी त्यांना काही सुचेना. मनात पाल चुकचुकत होती, पण कशाबद्दल ते कळत नव्हतं. काहीतरी राहिलंय, एवढंच वाटत राहिलं. त्यांनी दोनदा गॅस बंद आहे का पाहिलं, एकदा दाराची कडी पाहिली. "आज घरात काय हरवलंय तुमचं?" बायकोने विचारलं. ते म्हणाले, काही नाही.

काय हरवलं होतं ते मंगळवारी सकाळी सापडलं. यंत्राच्या टोपलीत मेणाने माखलेल्या चौदा डब्या होत्या. बारांवर काळेभोर आकडे. दोन पांढऱ्याफटक. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी डब्या उलट्या केल्या, सुलट्या केल्या, बोटाने मेण पुसून पाहिलं, दिव्याखाली तिरक्या धरल्या. शाईचा मागमूस नव्हता. यंत्रातलं झायलीन नेहमीसारखं स्वच्छ, जसं काही त्याने कुणाचं घोडं मारलंच नाही.

त्या वेळी प्रयोगशाळेत ते एकटे होते, आणि हेच वाईट झालं. माणसाला साक्षीदार असला की तो लवकर शहाणा होतो. काकांनी दोन्ही डब्या उघडल्या आणि तुकडे मोजले. एकीत तीन होते. दुसरीत चार.

रजिस्टरात तेराला तीन दोरे, चौदाला दोन. हे दोरे नाजूक असतात, हाताळताना मोडतात. दोनाचे चार झाले असतील. तीन ते तीनच राहिले असतील. हिशेब सरळ होता. म्हणजे तीनवाली विहीणबाईंची. इतकं उघड असताना उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी खणातून नवी पेन्सिल काढली, टोक केलं, तीनवालीवर तेरा लिहिलं आणि चारवालीवर चौदा. अक्षर छान आलं. म्हातारे गुरुजी कुठेतरी वरून बघत असतील, असा विचार आला, तो त्यांनी झटकला.

दुपारपर्यंत ते कामात होते. मेणाच्या वड्या कापल्या, पापुद्रे कोमट पाण्यावर तरंगवले, काचपट्ट्या रंगवल्या. चार वाजता मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता सांगितलं, "चौदा वाईट आहे. कर्करोग. तेरा साधी गाठ, चिंता करण्यासारखं काही नाही. उद्या सकाळी रिपोर्टवर सह्या करते."

काकांच्या छातीवरचा दगड उतरला. खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला, इतका की ते खुर्चीत बसले. वाचल्या विहीणबाई. सून वाचली, होणारं नातवंड वाचलं. पाच मिनिटं हा आनंद टिकला. तेरा साधी आहे, हे मॅडमनी सांगितलं होतं. पण तेरा कुठली, हे मॅडमना कुणी सांगितलं होतं? काकांनीच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, या न्यायाने पेन्सिल चालली नव्हती कशावरून? आणि दोनाचे चार होऊ शकतात, तर दोनाचे तीन का नाही? तिनाचे चार का नाही? सकाळी हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नव्हता.

संध्याकाळी ते घरी पोचतात न पोचतात तो विहीणबाई हजर. हातात पेन्सिलींचा डबा. "दुकानात नवा माल आला, म्हटलं आधी आमच्या गिऱ्हाइकाला," त्या बायकोला म्हणाल्या. बायको चहा टाकायला आत गेली, तशी त्यांनी आवाज उतरवला.

"मी काही विचारायला आले नाहीये. रिपोर्ट उद्याचा आहे, मला माहीत आहे."

"हं," काका म्हणाले.

"घरात बसवेना म्हणून आले. काल वर बाकावर एक बाई होती माझ्या शेजारी. पोस्टात आहे, टपाल वाटते. तिलाही तसलीच गाठ. माझ्यानंतर तिचाच नंबर. चाळीसचीही नसेल. रडत बसली होती, मग मी तिला हसवलं. तिने मला हसवलं. घरी म्हातारी आई आहे, बाकी कुणी नाही. आम्ही एकमेकींचे फोन नंबर घेतलेत. जिला आधी कळेल तिने दुसरीला सांगायचं, असं ठरलंय."

काका पेन्सिलींच्या डब्याकडे पाहत राहिले. चौदा नंबर आता टपाल वाटत होता, त्याला म्हातारी आई होती.

"माझं नाव तुम्हीच लिहिलंत ना डबीवर?" विहीणबाईंनी विचारलं.

"मीच."

"मग मला घोर नाही. जे असेल ते माझंच असेल."

आतून चहा आला. काकांनी तो तसाच ठेवला. विहीणबाई गेल्यावर ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांचा शर्ट तिथे एकटाच वाळत होता. दोन वर्षांनी निवृत्ती. एकतीस वर्षांत एक चूक नाही, असं म्हणायची सवय झाली होती त्यांना. बोललो तर ती सवय जाईल, नोकरीही जाईल कदाचित. न बोललो तर काही होणार नाही, अगदी काही नाही, आणि याचीच भीती वाटत होती. कधी कुणाला कळलंच नसतं. पोस्टवालीची छाती कापली गेली असती, आणि ती तिने काकांच्या अक्षरावर विश्वास ठेवून कापून घेतली असती. किंवा विहीणबाई दुकानात बसून हसत राहिल्या असत्या, आणि गाठ आत वाढत राहिली असती. दोन्हींतलं एकही चित्र त्यांना पाहवेना.

बुधवारी सकाळी मॅडमनी पेन उघडलं, तोच काका म्हणाले, "सही करू नका."

त्यांनी सगळं सांगितलं. मोडलेलं टोक, खिशातलं पेन, कोऱ्या डब्या, तीन आणि चार. विहीणबाईंचं नातंही सांगितलं. सांगून झाल्यावर मॅडमनी दोन्ही काचपट्ट्या उचलल्या, काकांच्या सुबक अक्षरातले नंबर पाहिले आणि परत ठेवल्या.

"शाई वापरलीत, ती चूक. कुणाचीही होते," त्या म्हणाल्या. "पण पेन्सिलीने हे लिहिलंत, ते काय होतं?"

"तो खोटेपणा," काका म्हणाले.

"कधी कळलं?"

"काल दुपारी कळलं. तुम्ही साधी म्हणालात आणि मला आनंद झाला, तेव्हा."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. तुकडा कुणाचा ते ताडून पाहायची तपासणी असते, पण ती दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत, तिला आठवडे लागतात, आणि वाईट गाठीला आठवडे द्यायचे नसतात. दोघींना पुन्हा सुई टोचणं हाच जवळचा मार्ग. "मी वर लेखी कळवणार. चौकशी होईल. आणि त्या दोघींना बोलावून कोण सांगणार?"

"मी सांगतो."

विहीणबाईंना सांगताना काकांची मान वर झाली नाही. त्या सगळं ऐकून घेऊन फक्त "बरं" म्हणाल्या, आणि ते ऐकायला फार जड गेलं. पोस्टवालीने ऐकून घेतलं नाही. खाकी गणवेशातच आली होती, खांद्यावर टपालाची पिशवी.

"म्हणजे दोघींपैकी एकीला आहे," ती म्हणाली. "एवढं तुम्हाला ठाऊक आहे."

"हो."

"आणि ती मी की त्या, ते नाही ठाऊक."

"नाही."

"मग कशाला सांगितलंत?" तिचा आवाज चढला, मग एकदम बसला. "आता मी काय मागू देवाकडे? त्यांना असू दे, असं?"



गुरुवारी दोघींना पुन्हा सुई टोचली. या वेळी बाटल्या दोन वेगळ्या वेळी आल्या, तेरा आणि चौदा हे जुनेच नंबर मॅडमनी स्वतः घातले. काका दोन पावलं लांब, हात मागे बांधून उभे राहिले. पेन्सिल मात्र त्यांच्याच कानावरची मागून घेतली मॅडमनी. शुक्रवार गेला. घरी सून आली होती, पोटावर हात ठेवून बसली होती. "बाबा, आई फोनवर इतकी गोड का बोलतेय हल्ली?" तिने विचारलं. "मला भीती वाटते ती गोड बोलली की." काका म्हणाले, वय झालं की माणूस गोड होतो. सुनेने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. चोराच्या मनात चांदणं.

शनिवारी अकरा वाजता मॅडमनी त्यांना आत बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकासमोरची आपली खुर्ची रिकामी करून दिली. असं त्या कधी करत नसत. काका डॉक्टर नव्हते, पण एकतीस वर्षांत साधं आणि वाईट एवढं ओळखायला शिकले होते. पहिली काचपट्टी पाहिली. दुसरी पाहिली. मग काचपट्ट्यांवरचे आकडे पाहिले. मग परत पहिली.

तेरा वाईट होती.

तिनाचे चार झाले होते. दोनाचे तीन झाले होते. सरळ हिशेब साफ उलटा होता.

बाहेरच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या. पोस्टवालीला मॅडमनी आधी आत घेतलं. पाच मिनिटांत ती बाहेर आली, रिपोर्टची घडी मुठीत. आधी ती विहीणबाईंकडे पाहूच शकली नाही. मग वळून काकांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"माझी साधी आहे," ती म्हणाली. "तीन दिवस माझी आई जेवली नाही. मला दोनदा टोचलंत. तुमच्या एका पेनापायी."

"हो. चूक माझीच," काका म्हणाले.

ती तशीच उभी राहिली. अजून बोलायचं होतं तिला, ते दिसत होतं, पण राग आता पहिल्यासारखा वर येत नव्हता. "आमच्याकडे पत्ता पुसलेलं पाकीट येतं कधी कधी," ती शेवटी म्हणाली. "अंदाजाने कुणाच्या दारात टाकलं, तर कुणी विचारत नाही. लोक टाकतातही. मी परत नेते. पाय दुखतात, पण परत नेते." मग ती विहीणबाईंजवळ गेली, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, आणि काही न बोलता पिशवी खांद्याला लावून निघाली. साधा रिपोर्ट हातात असलेली बाई अशी चोरासारखी जाताना काकांनी कधी पाहिली नव्हती.

विहीणबाई उठल्या. मॅडमचं दार उघडं होतं, तरी त्या तिकडे वळल्या नाहीत.

"तिची साधी, म्हणजे माझी काय ते कळलंच," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या तोंडून ऐकते."

काकांनी सांगितलं. शब्द दोनच होते. डोळे भरून आले आणि चष्मा असून काही दिसेना.

विहीणबाईंनी भिंतीला हात टेकला. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही पेन्सिलीने लिहिलंत, तेव्हा माझी कुठली ठरवली होती?"

"साधी."

"म्हणजे तुम्ही गप्प बसला असता, तर आज मी दुकानात असते."

"हो."

"खूश."

"हो."

"किती दिवस?"

"वर्ष. सव्वा वर्ष. मग..."

"आणि ती पोस्टवाली आज वर टेबलावर असती." विहीणबाईंनी मान हलवली. "लेकीला तुम्ही सांगा. मला जमायचं नाही. तिला म्हणावं, आज कळलं आणि आजच सांगतोय. एवढं तरी खरं असू दे."

"सांगतो. आजच."

त्या दाराकडे निघाल्या, दोन पावलं जाऊन थांबल्या आणि मागे वळल्या. काकांच्या कानावरची पेन्सिल त्यांनी आपल्या हाताने काढली आणि टोक बोटाने चाचपून पाहिलं. ते बोथट झालं होतं. पर्समधून त्यांनी दुकानातला छोटा शार्पनर काढला, पेन्सिलीसकट काकांच्या तळव्यावर ठेवला आणि त्यांची मूठ मिटवली.

"टोक काढून ठेवा, व्याहीबुवा," त्या म्हणाल्या. "आता माझं नाव तुम्हाला पुष्कळदा लिहावं लागणार आहे."